गुरुवारची झडप

जप चालू असताना शब्द बोलायचा नाही आणि संध्याकाळचा दिवा लागेपर्यंत चहाला शिवायचं नाही, हा वैजयंतीबाईंचा गुरुवारचा नियम. लग्नाआधीपासूनचा. लेकीच्या गोवरात तो मोडला नाही, सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात मोडला नाही, अवेळी दारात उभ्या राहणाऱ्या पाहुण्यांनाही कधी मोडता आला नाही. आता मात्र तो मोडायला निघाली होती वाटाण्याएवढी एक झडप. आणि ती होती कुठे, तर यजमानांच्या पोटात.

"नमस्कार," देवघराच्या फळीवर ठेवलेला फोन म्हणाला. "आदरणीय संमतीदार, आपल्या रुग्णाच्या झडपेचा निरोप आहे. यकृताकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब वाढला आहे. झडप अर्ध्यापेक्षा अधिक उघडण्यास आपली संमती आहे का? कृपया 'आहे' किंवा 'नाही' असे स्पष्ट उच्चारावे."

वैजयंतीबाईंनी डोळे मिटूनच मान हलवली.

"आपला आवाज ऐकू आला नाही."

"हं."

"'हं' हा उच्चार ग्राह्य धरता येत नाही. कृपया 'आहे' किंवा 'नाही'..."

"अगं ए, उत्तर दे की त्याला!" बाहेरच्या खोलीतून दिगंबरराव गरजले. एसटीच्या सांगली स्थानकात वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी सगळी नोकरी ध्वनिक्षेपकासमोर काढली होती. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण बायकोशीही ते फलाटावरच्या प्रवाशांशी बोलल्यासारखेच बोलत. "पोट माझं आहे, दत्ताचं नाही! खोळंबलंय ते!"

"आहे," वैजयंतीबाई म्हणाल्या, आणि माळ पुन्हा पहिल्या मण्यापासून धरली.

"धन्यवाद. आपला दिवस मंगलमय जावो."

मंगलमय! नवऱ्याचा जीव त्यात नसता तर वैजयंतीबाईंनी तो फोन केव्हाच कृष्णेत सोडून दिला असता.

*

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दात घासता घासता दिगंबररावांना रक्ताची उलटी झाली. थोडीथोडकी नाही, मोरी लाल झाली. मिरजेच्या इस्पितळात नेईपर्यंत त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. यकृत वाळलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि ही बातमी गल्लीत पोचायला रुग्णवाहिकेपेक्षाही कमी वेळ लागला.

"भाऊजी घेत होते होय?" शेजारच्या लाटकर वहिनींनी हळूच विचारलं.

"काय घेत होते?"

"म्हणजे... बाहेरगावी वगैरे. आपल्याला काय कळतंय हो."

आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकलेला माणूस! वर्षानुवर्षांची साखर, बैठं काम आणि यकृतात साठत गेलेली चरबी, हे त्याचं कारण. वैजयंतीबाई हे प्रत्येकाला शांतपणे समजावून सांगत. ऐकणारा प्रत्येक जण मान डोलावत असे, आणि त्या मान डोलावण्यात 'बरं, बरं, तुम्ही म्हणता तसं' एवढंच असे. शेवटी त्यांनी सांगणं सोडून दिलं.

डॉक्टर शर्वरी चौगुले वयानं लेकीएवढी, कायम घाईत, केसांत पेन खोचलेली. ती मात्र दिगंबररावांशी त्यांच्याच भाषेत बोलली.

"काका, आतड्यातून निघालेलं सगळं रक्त यकृतातून पुढे जातं. तिथं ते गाळलं जातं, स्वच्छ होतं. तुमचं यकृत कडक झालंय. म्हणजे समजा, घाटात दरड कोसळली आणि एकच गाडी कशीबशी जाईल एवढा रस्ता उरला. मग बाकीच्या गाड्या काय करतील?"

"खालच्या गावांतून वळवतील," दिगंबरराव पडल्या पडल्या म्हणाले. "पण गल्ल्या अरुंद. कुणाचा तरी कट्टा फुटणार."

"तेच झालं. तुमच्या जठराच्या वरच्या भागातल्या शिरा म्हणजे त्या गल्ल्या. नको तेवढं रक्त त्यांतून वळलं, त्या फुगल्या, एक फुटली."

पोट फाडायचं नव्हतं. मानेतल्या शिरेतून सुतासारखी नळी आत सोडायची, मूत्रपिंडाच्या शिरेपर्यंत न्यायची आणि तिथून त्या गल्लीत उलट्या दिशेनं शिरायचं. तोंडाशी इवलासा फुगा फुगवून वाट अडवायची आणि मागे औषधाचा फेस भरायचा, की फुगलेल्या शिरा आतल्या आत वाळून जातात. ही रीत तशी जुनी. पण गल्ली बंद केली की घाटातली कोंडी आणखी वाढते. मग रक्त दुसरीकडे वाट काढतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, पोटात पाणी साठतं. म्हणून नव्या उपचारात शेजारची एक वाट मुद्दाम राखून ठेवायची आणि तिच्या तोंडाशी झडप बसवायची. बारीक तारेनं विणलेली ती झडप दाब स्वतःच ओळखते. दाब वाढला की थोडी उघडते, उतरला की मिटते.

"म्हणजे आत कायमचा नियंत्रक नेमला," दिगंबरराव म्हणाले. त्यांना ते फार आवडलं. "पगार किती त्याला?"

"पगार मेंदू देतो," डॉक्टर म्हणाली, आणि हसली नाही. "झडप उघडली की ते रक्त यकृताला वगळून जातं. न गाळताच. त्यातला आतड्याचा अमोनिया थेट डोक्यात पोचतो. माणूस सुस्तावतो, विसरतो, दिवसा झोपतो. स्वभावसुद्धा बदलतो. बघायची खूण सोपी आहे. हात पुढे करायला सांगा, गाडी थांबवताना करतात तसे. तळवे फडफडले, तर समजा डोक्यात धुकं आलंय."

धुक्यातल्या माणसाला 'तुझ्या डोक्यात धुकं येऊ देऊ का' असं विचारण्यात अर्थ नाही. म्हणून कायद्यानंच ठरवलं होतं, की झडप फार उघडायची तर घरातल्या एका माणसानं तोंडी संमती द्यायची. दिगंबररावांनी बायकोचं नाव सांगितलं आणि वर म्हणाले, "ती तोंड उघडेल तेव्हा खरं."

त्याच दिवशी घरातली मिठाची बरणी गेली. मिठानं अंगात पाणी साठतं, पाण्यानं दाब वाढतो. डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं. नवऱ्याला एकट्याला अळणी कसं वाढायचं, म्हणून वैजयंतीबाईंनी स्वतःही मीठ सोडलं. आणि उलटीच्या त्या सकाळी मोरीच्या दारात उभं राहून त्या बोलून गेल्या होत्या, की हे वाचू देत, जन्मभर दोघं मिळून गुरुवार करू, एकादशा करू. डॉक्टरनं उपाशी राहू देऊ नका म्हटल्यावर त्यांनी तेही पाळलं. दर तीन तासांनी फराळाची ताटली पुढे ठेवायच्या. वरीचा भात, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, साबुदाण्याची खिचडी. आठवडाभर मिळमिळीत जेवणाला नावं ठेवणारे दिगंबरराव गुरुवारी मात्र बोटं चाटत. "एवढी चव देवाला देतेस, मग बाकीचे सहा दिवस माझ्यावर कसला राग?" असंही म्हणत.

*

फळीवरच्या फोनची ती मंगलमय बडबड संपली, त्यानंतर थोड्याच वेळानं देवघराच्या दारात पावलं वाजली.

"वैजयंती."

माळ थांबली. त्यांना पूर्ण नावानं हाक मारायची सवय या घरात कुणालाच नव्हती. 'अगं' आणि 'ए' यांवर अडतीस वर्षं निघाली होती.

"चहा घेतेस का तू? दमली असशील."

असं पहिल्यांदा घडलं होतं तेव्हा वैजयंतीबाई घाबरल्या होत्या. आता हा बऱ्याच गुरुवारांचा शिरस्ता झाला होता. दिवसभर फराळ, उन्हं कलताना फोन, आणि मग हे. आवाज मऊ, डोळे पाणीदार, चालणं सावकाश. दूधवाल्याशी भांडण नाही, पंख्याच्या बटणावरून व्याख्यान नाही. मागच्या गुरुवारी त्यांनी खुंटीवरची बायकोची जुनी शाल पाहिली आणि म्हणाले, "हा रंग तुला शोभतो गं." ती शाल लेकीच्या बारशातली होती.

वैजयंतीबाईंनी माळ गोमुखीत ठेवली. दिवा लागला नव्हता, जपही पुरा झाला नव्हता. "घेते," त्या म्हणाल्या.

त्यांनीच चहा केला. दिगंबरराव नुसते स्वयंपाकघराच्या दारात कौतुकानं बघत उभे राहिले. पण विचारलं तर त्यांनी होतं! नियम मोडल्याचं वाईट वाटलंच. मग त्यांनी मनाशी हिशेब लावला, की हे गुरुवारच्या व्रताचंच फळ असणार. नाहीतर नेमकं गुरुवारीच का? फळ समोर आल्यावर ते नाकारणं हाही उर्मटपणाच.

पुण्याहून ऋजुताचा, लेकीचा, फोन आला तेव्हा तिलाही बाबांनी विचारलं, "जेवलीस का बाळा?" पडद्यावरच्या ऋजुतानं फोन आईकडे द्यायला लावला. मग आईला एकटीला म्हणाली, "आई, हे कोण आहेत?"

"तुझेच बाबा."

"बाबांनी मला आजवर फक्त गाडी किती वाजता सुटते ते विचारलंय. आई, हे असेच राहू देत ना गं."

अडचण अशी, की ते तसे राहत नसत. शुक्रवारी सकाळी फोन बोले, "दाब उतरत आहे. झडप मिटवावी, की काही काळ थांबावे?" आणि झडप मिटली की दुपारपर्यंत बाहेरच्या खोलीतून आवाज येई, "अगं ए! हा कॅलेंडरचा खिळा वाकडा कुणी ठोकला?" खिळा त्यांनीच ठोकलेला असे.

मग एका शुक्रवारी, आदल्या संध्याकाळचा 'वैजयंती' कानात असतानाच, त्या म्हणाल्या, "थांब."

"कृपया पोटाचा दाब वाढवणारे कारण सांगावे. खोकला, उचकी, उलटी, इतर."

जिभेवर वर्षानुवर्षं देवाचं नाव बाळगलेल्या त्या बाईनं इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं, "खोकला."

"काळजी घ्यावी. झडप थांबवली आहे."

एकदा जमलं की पुढचं सोपं असतं. पुढच्या आठवड्यातही खोकला झाला, त्याच्या पुढच्या आठवड्यातही. एका शुक्रवारी त्यांनी दिगंबररावांना हात पुढे करायला लावले. तळवे फडफडले, वाऱ्यावर पान हलावं तसे. "थंडी आहे," वैजयंतीबाई म्हणाल्या. चैत्राचे दिवस होते.

*

त्या आठवड्यात गुरुवारला लागूनच शुक्रवारची एकादशी आली. दोन दिवस सलग फराळ. दिगंबरराव इतके गोड झाले, की शुक्रवारी सकाळी त्यांनी लाटकर वहिनींना "या ना, बसा" म्हटलं. वहिनी बिचकून आल्या पावली परत गेल्या. फोनला खोकल्याचं सांगून वैजयंतीबाई देवळात गेल्या. परत येऊन बघतात तो घर रिकामं.

कुठे गेले असतील हे शोधायला डोकं लागत नव्हतं. रोज सकाळी ते एसटी स्थानकावर जाऊन बसत. आता नियंत्रक नव्हते, पडदे होते, आणि निम्म्या गाड्या चालकाशिवाय धावत. तरी पडद्यावर कुठली गाडी चुकीच्या फलाटाला दाखवली, की दिगंबरराव चौकशीच्या खिडकीतल्या पोरीला जाऊन सांगत. आणि दर वेळी पडदा चुकलेला असे, ते नव्हे. पोरगी तर त्यांना 'हसबनीस सर' म्हणायची. त्यांच्या निवृत्तीतली ती एकच मिजास होती.

वैजयंतीबाई पोचल्या तेव्हा जतच्या गाडीच्या दारात एक म्हातारी बोचकं घेऊन भांडत होती. "मला तासगावला जायचंय म्हनलं तर ह्या बाबानं हितं चढवलं! वर म्हंतोय, बसा आई, हीच तुमची!"

'हा बाबा' गाडीसमोर उभा होता. टोपी नाही, सदऱ्याची बटणं एक सोडून एक लावलेली. म्हातारीला उतरू द्यायला आपण गाडी अडवायला हवी, एवढं त्यांना कळलं असावं. त्यांनी रुबाबात हात पुढे केला, हजारो गाड्यांना केला होता तसा. आणि तळवा फडफडू लागला. चालक नसलेली गाडी जागेवरच थबकून भोंगा वाजवू लागली. तो हात खाली येईना, स्थिरही होईना.

आतल्या उतारूंनी खिडक्यांतून माना काढल्या.

"सकाळी सकाळी टाकून आलंय जणू म्हातारं!"

"अहो काका, क्वार्टर की हाफ?"

हसण्याची एक लाट फलाटभर गेली. चौकशीच्या खिडकीतली पोरगी उठून उभी राहिली होती, पण बाहेर आली नाही. तिनं मान खाली घातली. दिगंबररावही हसत होते. लोक का हसताहेत हे न कळून, त्यांच्याबरोबर, गोडसं. वैजयंतीबाईंनी त्या हसण्याकडे पाहिलं आणि ते ओळखलं. तेच हसू. स्वयंपाकघराच्या दारातलं, 'हा रंग तुला शोभतो'चं, 'चहा घेतेस का'चं. ते त्यांच्यासाठी नव्हतंच. ते कुणासाठीही होतं.

त्यांनी नवऱ्याचा तो फडफडणारा हात दोन्ही हातांत धरला आणि खाली घेतला.

"चला," त्या म्हणाल्या.

"तुम्ही कुठल्या गाडीच्या?" दिगंबररावांनी आदबीनं विचारलं.

*

मिरजेच्या इस्पितळात डॉक्टर चौगुलेनं आधी दुर्बीण घातली, मग औषधं सुरू केली आणि बऱ्याच वेळानं आपल्या खोलीत येऊन खुर्चीत कोसळली.

"अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात. रबराच्या कड्या घालून बांधल्या मी. आणखी असा एक आठवडा गेला असता तर पुन्हा मोरी लाल झाली असती, काकू, आणि या वेळी मिरज गाठता आली नसती." तिनं केसांतलं पेन काढून टेबलावर आपटलं. "मला एक समजत नाहीये. झडप उत्तम आहे. औषधं बरोबर आहेत. मग दर आठवड्याला अंगात एवढं पाणी साठतं कुठून? मीठ बंद आहे ना?"

"मीठ?" वैजयंतीबाई ताठ झाल्या. "घरात मिठाची बरणी नाही, डॉक्टर. मी स्वतः अळणी खाते. दोन वर्षं."

"शपथ?"

"मी शपथ घेत नाही. खरंच सांगते."

डॉक्टर डोकं धरून बसली. तिच्या पोटात गुरगुरलं, ते दोघींनाही ऐकू आलं.

"जेवला नाहीत का हो तुम्ही?"

"कालपासून नीटसं नाही."

वैजयंतीबाईंनी पिशवीतून डबा काढला. घाईतही तो घेतला होता. दर तीन तासांनी खायला द्यायचं म्हणजे द्यायचं. "एकादशीची आहे. चालेल?"

"काकू, आत्ता मला टेबलसुद्धा चालेल."

डॉक्टरनं साबुदाण्याच्या खिचडीचे दोन घास भराभर खाल्ले. "कसली झालीय हो!" तिसरा घास तोंडाशी नेता नेता चमचा थांबला. तिनं तो घास जिभेवर ठेवला, सावकाश घोळवला, गिळला.

"यात मीठ आहे."

"छे हो! सैंधव आहे."

डॉक्टरनं डब्यात वाकून पाहिलं.

"सैंधव," डॉक्टर म्हणाली.

"उपासाला मीठ चालत नाही ना. म्हणून सैंधव."

डॉक्टरनं चमचा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांच्या मागून आवाज आला, "काकू, सैंधव म्हणजे काय?"

"सैंधव म्हणजे... सैंधव."

"मीठच आहे हो ते! डोंगर खणून काढलं काय आणि समुद्र आटवून काढलं काय, आत गेल्यावर एकच!"

"मग ते उपासाला कसं चालतं?"

"देवाला चालतं! यकृताला नाही चालत!"

बाहेरच्या परिचारिकेनं दार ढकलून आत डोकावलं आणि पुन्हा लावून घेतलं. डॉक्टरचा आवाज उतरला. "चूक माझीही आहे. माझी आजी एकादशीला हेच करायची. मी विचारायला हवं होतं. किती खातात काका उपासाचं?"

"आठवडाभर अळणीनं कंटाळतात ना. दोनदा मागून घेतात."

"आणि काल-आज सलग दोन दिवस." डॉक्टरनं मान हलवली. मग वैजयंतीबाईंकडे न बघता तिनं विचारलं, "झडप दर शुक्रवारी थांबवून ठेवली जात होती. आजही. खोकल्यासाठी. काकांच्या छातीत मला काहीच सापडलं नाही. खोकला होता?"

एकादशी होती, आणि एक खोटं सकाळीच बोलून झालं होतं. वैजयंतीबाईंनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"नव्हता."

"मग?"

"गोड बोलत होते हो," त्या म्हणाल्या. एवढंच. आणि पदरानं डोळे पुसायच्याही आधी स्वतःवरच इतक्या वैतागल्या, की रडू परत गेलं.

डॉक्टरनं टेबलावरचं पेन उचलून पुन्हा केसांत खोचलं. मग म्हणाली, "आज रात्रीतून झडप हळूहळू मिटवू. परवापर्यंत काका जागे होतील, नीट जागे. जे झालं ते त्यांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

*

दिगंबरराव जागे झाल्याचं वैजयंतीबाईंना जिन्यातच कळलं.

"साडेसातचा नाश्ता म्हणजे साडेसात! ही गाडी काय पंढरपुराहून येते काय?"

त्या पलंगाशी जाऊन उभ्या राहिल्या. बसल्या असत्या तर सांगवलं नसतं. सैंधवाचं सांगितलं, फोनचं सांगितलं, नसलेल्या खोकल्याचं सांगितलं. स्थानकावरचंही सांगितलं. त्यांना ते अर्धवट आठवत होतं, जत्रेत हरवलेल्या पोराला आठवावं तसं.

"लोक म्हणत होते मी प्यायलोय," ते म्हणाले.

"हो."

"आणि ते त्या पोरीसमोर. चौकशीवाल्या."

"हो."

त्यांनी हात पुढे करून पाहिले. तळवे दगडासारखे स्थिर होते. ते हात त्यांनी पांघरुणावर ठेवले.

"एवढा वाईट होतो का गं मी?"

"वाईट कुठं!" वैजयंतीबाईंचा धीर सुटला. आयुष्यात पहिल्यांदा त्या मोठ्यानं बोलल्या, तेही इस्पितळात. "वाईट असतात तर सोपं होतं! आवाज फार तुमचा. सदानकदा भोंगा! आणि कधी काही विचारलं नाहीत मला. कधी म्हणजे कधी. गाड्यांच्या वेळा पाठ, आणि बायको कशी आहे याचा पत्ता नाही. मग एक माणूस दर गुरुवारी येऊन विचारायला लागला. मला वाटलं, देवानं दिला. मी नाही परत पाठवला."

शेजारच्या पलंगावरच्या आजोबांनी कान टवकारले. दिगंबरराव भिंतीकडे वळले.

घरी आल्यावर त्यांनी बोलणंच टाकलं. पंखा, दूधवाला, खिळा, कशावरच काही नाही. वैजयंतीबाईंना इतके दिवस शांतता हवी होती. मिळाली तर ती अंगावर येऊ लागली. 'ओरडा तरी!' असं त्यांना दर तासाला वाटे. बुधवारी त्या भाजी घेऊन आल्या, तर बाहेरच्या खोलीतून बऱ्याच दिवसांनी तो आवाज आला. ते डॉक्टरशी फोनवर बोलत होते.

"संमतीदार बदलता येतो का?"

वैजयंतीबाई उंबऱ्यातच थांबल्या. पिशवी जड झाली.

"येतो, काका," फोनच्या स्पीकरवरून डॉक्टरचा आवाज. "रुग्ण शुद्धीत असला की कधीही. लेकीचं नाव घालायचं का?"

"कशाला? नाव आहे तेच राहू दे."

"मग विचारलंत कशाला?"

"नियम माहीत असावेत," दिगंबरराव म्हणाले आणि फोन ठेवला. मग मागं न बघताच, "दारात उभं राहायला भाजी जड नाही होत?"

*

गुरुवार आला. वैजयंतीबाईंनी खिचडीत सैंधव घातलं नाही. लिंबू पिळलं, मिरची ठेचून घातली, ओलं खोबरं पेरलं. नवस करताना त्यांनी उपास बोलला होता, चव बोलली नव्हती. हे दत्ताला सकाळीच सांगून झालं होतं.

"लाकडाचा भुसा," पहिल्या घासाला दिगंबरराव म्हणाले.

"मग नका खाऊ."

"टाकायची म्हटली तर म्हैससुद्धा हुंगणार नाही." बशी पुसून स्वच्छ झाली. आवाज पूर्ण परतला होता. दुपारभर त्यांनी खिळा, पंखा, पेपरवाला आणि लाटकर वहिनींची कुंडी या सर्वांचा समाचार घेतला. वैजयंतीबाईंच्या कपाळाची शीर ठणकू लागली. हेच हवं होतं का तुला, असं त्यांनी स्वतःलाच दोनदा विचारलं.

उन्हं कलली. त्या देवघरात बसल्या, माळ घेतली, डोळे मिटले. फळीवर फोन होता. त्याच्या बोलण्याची वेळ आली. मणी सरकत राहिले. वेळ गेली. फोन गप्प.

बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकली. पावलं आली, भरभर, टाचा आपटत. देवघराच्या दाराशी थांबली. वैजयंतीबाईंनी डोळे उघडले नाहीत, पण अंगठा मण्यावर अडकून राहिला. मनातल्या मनात त्या म्हणाल्या, नको. आता नका विचारू चहाचं. तुमच्या तोंडून ते ऐकलं तर मला पुन्हा हात तपासावे लागतील.

"अगं ए," दिगंबरराव म्हणाले. आवाज खालच्या पट्टीत आणायची बरीच खटपट चाललेली कळत होती. तरी देवघरातली घंटा किणकिणली. "बोलू नकोस. जप चालू आहे तुझा, माहीत आहे मला. नुसतं ऐकून घे."

त्या ऐकत राहिल्या.

"आधण ठेवलंय, पण चहाची पूड घातलेली नाही. दिवा लागल्याशिवाय तुझा चहा नसतो. सूर्यास्त सहा अठ्ठेचाळीसला आहे. दिवा लागला की पूड घालतो." पावलं वळली, दोन ढांगा गेली आणि परत आली. "आणि साखरेचा डबा नेमका कुठं असतो या घरात? उत्तर देऊ नकोस! शोधतो मी."

स्वयंपाकघरात एकामागून एक डबे आपटू लागले. वैजयंतीबाईंनी ओठ घट्ट मिटले आणि पुढचा मणी ओढला.